एसव्हीजी चित्रात फॉन्ट कसा घालावा, म्हणजे अक्षरं कुठेही बिघडणार नाहीत

एसव्हीजी म्हणजे रेषा, आकार आणि मजकूर लिखित सूचनांच्या रूपात साठवणारा चित्रांचा फाइल प्रकार. अशी एखादी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. चित्रातला मजकूर साध्या अक्षरांत दिसेल आणि जवळच ‘फॉन्ट-फॅमिली’पुढे फॉन्टचं नाव असेल. फक्त नाव, अक्षरांचे आकार फाइलमध्ये नसतात. समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर भलताच फॉन्ट लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि शीर्षक चौकटीबाहेर जातं. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टात टाइप केलं असेल तर फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरंच असतात आणि फॉन्ट नसला की तीच अगम्य अक्षरं समोर येतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा, मगच पुढे जा.

आता ठरवा, मजकूर हा मजकूर म्हणून राहायला हवा का? लोगो असेल तर गरज नाही. इंकस्केप या चित्रं काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून ‘पाथ’ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ वापरा, अक्षरांचे आकार होतील आणि फॉन्टचा प्रश्नच मिटेल. मूळ फाइलची प्रत मात्र आधी ठेवा, कारण यानंतर ऱ्हस्व-दीर्घाची साधी चूकही सुधारता येत नाही. असा मजकूर शोधता येत नाही, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचताही येत नाही. म्हणून नकाशे, आलेख, आकृत्या यांसाठी मी फॉन्ट आत घालण्याचाच आग्रह धरेन.

त्याआधी परवाना तपासा. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता असे ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखालचे फॉन्ट निर्धास्त वापरा. विकत घेतलेल्या फॉन्टचं तसं नाही. त्यातून छपाई करण्याची मुभा असली, तरी तो फाइलमध्ये घालून वाटण्याची असेलच असं नाही.

मग फॉन्ट छाटायचा, म्हणजे न लागणारी अक्षरं काढून टाकायची. फॉन्टटूल्स या मोफत पायथन संचातली ‘पायएफटीसबसेट’ ही आज्ञा त्यासाठी उत्तम. देवनागरीत इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्क’ यांना स्वतःचे युनिकोड क्रमांक नाहीत. फॉन्टमधल्या जीसब नावाच्या तक्त्यातले नियम ती घडवतात. छाटताना हे नियम उडाले की जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं उरतात. पायएफटीसबसेट नियमांचा माग काढून लागणारी जोडाक्षरं राखते. तरीही मजकुरातली अक्षरं वेचत बसू नका. ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीच्या युनिकोड क्रमांकांचा अख्खा पट्टा, सोबत मोकळी जागा, विरामचिन्हं आणि २००सी, २००डी ही शून्य रुंदीची चिन्हं द्या. ‘दर्‍या’तला रफार नसलेला अर्धा र या शेवटच्या चिन्हाने लिहिलेला असू शकतो. फाइल वॉफ२ या वेबसाठीच्या, आकाराने लहान फॉन्ट प्रकारात काढा. त्यासाठी पायथनचं ब्रॉटली मॉड्यूल लागतं.

ही फाइल बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षर-अंकांच्या रूपात बदला. ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, म्हणजे ६० केबीचा फॉन्ट ८० केबी होतो. छाटणी आधी केली ती याचसाठी. एसव्हीजीच्या सुरुवातीला ‘स्टाइल’ टॅग घालून त्यात ‘फॉन्ट-फेस’ नियम लिहा आणि स्रोत म्हणून बेस६४ची ही अक्षरं डेटा यूआरएलच्या (ज्या पत्त्यातच माहिती भरलेली असते त्याच्या) रूपात द्या. इंटरनेटवरच्या फॉन्टचा नुसता दुवा पुरत नाही, कारण इमेज टॅगमधून दाखवलेल्या एसव्हीजीसाठी ब्राउझर बाहेरची फाइल आणतच नाही. ठळक अक्षरं असतील तर त्यांचा फॉन्ट वेगळा घाला, नाहीतर ब्राउझर साधीच अक्षरं फुगवून दाखवतो. काही जुन्या लेखांत एसव्हीजीचा स्वतःचा ‘फॉन्ट’ टॅग सुचवलेला दिसेल. तो वापरू नका. क्रोमने तो आवृत्ती ३८ मध्येच काढला.

फॉन्ट-फेसमध्ये फॉन्टला मूळ नाव न देता नवं, कुणाकडेच नसेल असं नाव द्या आणि मजकुरातही तेच लिहा. मूळ नाव ठेवलं तर आत घातलेला फॉन्ट चालला नाही, तरी तुमच्या संगणकावरचा फॉन्ट गुपचूप त्याची जागा घेतो आणि चूक तुम्हाला दिसतच नाही.

इंकस्केप मात्र असा आत घातलेला फॉन्ट वाचत नाही, ब्राउझर वाचतात. चित्र छपाईसाठी जाणार असेल तर सोबत पीडीएफ द्या. पीडीएफमधले फॉन्ट दाखवणारी ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा चालवली की ‘ईएमबी’ (फॉन्ट आत घातला आहे का) या स्तंभात प्रत्येक फॉन्टपुढे ‘येस’ दिसायला हवं.

शेवटी एसव्हीजी ब्राउझरमध्ये उघडा आणि जोडाक्षरं, रफार, वेलांट्या एकेक करून तपासा. अक्षरांचं वळणच वेगळं दिसलं तर फॉन्टचं नाव किंवा बेस६४ चुकलं आहे. वळण बरोबर पण जोडाक्षरं फुटलेली असतील, तर छाटणीकडे परत जा.