दुसऱ्याच्या तोंडून टोमणा: उपहासगीत कसं लिहावं

उपहासगीत म्हणजे पुढाऱ्यावर चार यमकं, असं सांगणारे इंदूरात गल्लोगल्ली भेटतात. त्यांचं ऐकू नका. पुढाऱ्याला झोडपलं की श्रोता टाळी देऊन मोकळा होतो. गाणं त्याच्यासारख्याच माणसाच्या तोंडी दिलं, तर त्याला मोकळं होता येत नाही.

आधी पात्र ठरवा: स्वतःला भला समजणारं. माझं पात्र राजवाड्यामागच्या वाड्याचे मालक, तीन खोल्या भाड्याने देणारे. त्यांची भाषा पुण्याची करू नका. आमचे मालक 'बस, इतकंच' म्हणतात, तर 'बस'च राहू द्या.

चाल गोड हवी. अमेरिकन गायक-गीतकार रँडी न्यूमनच्या 'सेल अवे' गाण्यात (१९७२) गुलामांचा व्यापारी आफ्रिकेतल्या माणसांना अमेरिकेची स्वप्नं विकतो, आणि सुरावट ऐकून आपणही जहाजावर चढायला निघतो. ('टॉय स्टोरी'चं दोस्तीचं गाणं याच गृहस्थांचं. तिथे मात्र मनात काळंबेरं काही नाही.)

आता खरी गोम. पात्र एकांगी आहे हे श्रोत्याला कळवायचं कसं? इथे मी दोन गणेशोत्सव आपटलो. पहिल्या वर्षी मालकांची नुसती कुरकुर लिहिली. गाणं संपल्यावर एका काकांनी पाठ थोपटली, "अगदी बरोबर लिहिलंस रे, भाडेकरू असेच असतात!" दुसऱ्या वर्षी घाबरून शेवटी मालकांकडून 'मीच कोत्या मनाचा' असं कबूल करून घेतलं. असं कोणी स्वतःहून म्हणतं का? मांडव गार पडला.

दुसरा आवाज आणून खुलासा करायचा मोहही टाळा. न्यूमनच्या 'शॉर्ट पीपल'मध्ये (१९७७) बुटक्यांचा दुस्वास करणारा माणूस गातो, आणि मध्येच कोरस सांगतो की सगळी माणसं सारखीच. ते कोणी कानावर घेतलं? गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, लोक भडकले, आणि अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ते रेडिओवर वाजवायला बंदी घाला म्हणून १९७८ मध्ये विधेयक आलं.

उपाय आपल्या घरातच होता. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि सासरचं एकेक माणूस उचलायला सांगते. सून दुष्ट आहे असं नाथ कुठेच म्हणत नाहीत. तिची यादी वाढत जाते, तेवढंच. म्हणजे पात्राने स्वतःचं कौतुक करावं आणि त्या भरात नको ते बोलून जावं. तिसऱ्या वर्षी मी लिहिलं:

आमच्याकडे भेदभाव नाही, कोणीही यावं राहायला,
फक्त आडनाव आधी सांगा, चहा ठेवतो प्यायला.

'फक्त'वर क्षणभर थांबा, पण डोळे मिचकावू नका. गायकाच्या चेहऱ्यावर 'हा मी नव्हे' दिसलं की संपलं.

कडवी तीन पुरेत. गाण्याआधी प्रस्तावना नको.

तालीम एखाद्या खऱ्या घरमालकासमोरच करा. दुसऱ्या ओळीला हसता हसता त्यांनी कप खाली ठेवला, तर एक अक्षरही बदलू नका.