वापरलेली इंजिने जपानहून नाशिकला आणताना: आधीची तयारी

तीन वर्षांपूर्वी मी जपानहून चार वापरलेली इंजिने मागवली. परवाना हातात होता, इन्व्हॉइस नीट होते, इंजिनांचे क्रमांक तपासून झाले होते आणि पैसेही वेळेवर पोहोचले होते. तरीही तो माल न्हावा शेवा बंदराच्या एका कंटेनर फ्रेट स्टेशनात (सीएफएस, म्हणजे कंटेनर उघडून माल तपासण्याचे गोदाम) एकोणीस दिवस पडून राहिला. अडले ते इंजिनांना टेकू म्हणून दिलेल्या लाकडावर. सातपूरला माझ्या वर्कशॉपमध्ये तोवर तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या आणि त्यांचे मालक दर दोन दिवसांनी फोन करत होते. आता पुन्हा माल मागवतो आहे, अंबड आणि सिन्नरच्या दोघा-तिघा व्यावसायिकांनीही हीच चौकशी केली आहे, म्हणून तयारी ज्या क्रमाने करायची त्या क्रमाने लिहून काढतो.

पहिली गोष्ट, हा माल कोणत्या तरतुदीखाली येणार हे पैसे पाठवण्याआधी लेखी ठरवून घ्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या परकीय व्यापार धोरणात वापरलेल्या मालाचे दोन भाग आहेत. कारखान्यात चालणारी वापरलेली यंत्रे, म्हणजे भांडवली वस्तू, काही अपवाद सोडता मुक्तपणे आणता येतात. भांडवली नसलेला वापरलेला माल मात्र निर्बंधित आहे आणि त्यासाठी डीजीएफटीचा, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचा, परवाना लागतो. मोटारीचे वापरलेले इंजिन दुसऱ्या भागात धरले जाईल असे समजूनच चालावे. ‘भांडवली यंत्राचा दुरुस्त केलेला सुटा भाग म्हणून दाखवू’ असे सुचवणारे लोक भेटतील. त्या वाटेने जायचे तर मूळ भागाच्या आयुष्यापैकी किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक असल्याचे चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यानंतरही खासगी मोटारीच्या इंजिनाला ही सवलत लागू पडते का, हा वाद उरतोच. तो वाद माल बंदरात असताना घालण्याच्या भानगडीत पडू नये, कारण तेव्हा दररोजचे भाडे आपल्या खिशातून जात असते. परवाना नसलेला निर्बंधित माल सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ खाली जप्तीस पात्र ठरतो. कलम १२५ खाली दंड भरून तो सोडवता आला, तरी कलम ११२ ची शास्ती वेगळी, आणि या दोन्हींनंतर शुल्क आहेच. परवान्याची तारीख बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, आधीची असली पाहिजे. ‘परवाना येतोच आहे, माल चढवून ठेवा’ असे विक्रेत्याला कधीही सांगू नये.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, असतोच, पण तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, काही बदल नसला तरीही, डीजीएफटीच्या पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो. परकीय चलनाचा व्यवहार पाहणाऱ्या आपल्या बँकेचा क्रमांक, म्हणजे एडी कोड, सीमाशुल्काचे काम करणारा एजंट मागेल, तो आधीच देऊन ठेवावा.

इंजिन निवडताना कॉम्प्रेशनचे आकडे, तेलगळती, हेड कधी उघडले होते का, हे आपल्या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको. कागदांसाठी महत्त्वाचा असतो तो ब्लॉकवर कोरलेला क्रमांक. विक्रेत्याने टंकलेल्या यादीवर विसंबू नये. ब्लॉकचा तो भाग पुसून, जवळून घेतलेले छायाचित्र प्रत्येक इंजिनासाठी वेगळे मागवावे आणि त्यावरून आपण स्वतः क्रमांक लिहावा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल फार होते. तोच क्रमांक इन्व्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर आणि परवान्याच्या अर्जात असावा. पुढे आरटीओतही हाच क्रमांक लागणार आहे. तपासणीत एका अक्षराचा फरक निघाला तर अधिकारी त्याला वेगळे इंजिन समजतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

इंजिने पूर्ण रिकामी करून घ्यावीत. सम्पमधले तेल, गिअरबॉक्समधले तेल, पाण्याचे मार्ग, इंधनाची रेल आणि नळ्या हे सगळे रिकामे करून ड्रेन प्लग परत बसवावेत आणि उघडी तोंडे टोपणांनी बंद करावीत. इंधन शिल्लक राहिले तर जहाज कंपनी तो माल धोकादायक वर्गात टाकू शकते. टाकाऊ तेलाच्या आयातीवर तर आपल्याकडे बंदीच आहे, तेव्हा इंजिनाखाली तेलाचे थारोळे दिसणे तपासणीच्या वेळी कोणालाही परवडणारे नाही. ‘तेल, पाणी व इंधन काढलेले आहे’ असे विक्रेत्याचे सहीचे पत्र घ्यावे.

आता लाकूड. मी चुकलो ते इथे, म्हणून हा भाग कोणी घाईने वाचू नये.

परदेशातून येणाऱ्या मालाबरोबर जे कच्चे लाकूड येते, मग ते पॅलेट असो, पेटी असो किंवा नुसता टेकू, त्यावर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रक्रिया झालेली असावी लागते. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस राहावे लागते. दुसरा मार्ग मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचा आहे. प्रक्रिया झालेल्या लाकडावर शिक्का असतो: डावीकडे धान्याच्या कणसाचे चिन्ह आणि आयपीपीसी ही अक्षरे, बाजूला देशाची दोन अक्षरे, म्हणजे जपानसाठी जेपी, मग उत्पादकाचा क्रमांक आणि उष्णतेसाठी एचटी किंवा धुरीसाठी एमबी. लाकडातून खोडकिडे आणि सूत्रकृमी एका देशातून दुसऱ्या देशात जातात, म्हणून हा नियम आहे. द्राक्षाच्या खोडात भुंगेरा शिरला की वेलीचे काय होते हे नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. त्यामुळे हा नियम मला जाचक वाटत नाही, तो मी पाळला नाही एवढेच. भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाखाली त्याची अंमलबजावणी होते आणि शिक्का नसलेले लाकूड संगरोध अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली प्रक्रिया होईपर्यंत सीमाशुल्क विभाग माल सोडत नाही.

माझ्या मालाच्या चारही पॅलेटवर शिक्के होते. विक्रेत्याने त्यांची छायाचित्रे पाठवली होती, मी ती पाहिली आणि समाधान मानले. परंतु समुद्रात इंजिने हलू नयेत म्हणून कंटेनर भरणाऱ्या माणसांनी पॅलेटांच्या मधे आणि बाजूंना लाकडाचे ठोकळे आणि पाचरी ठोकल्या होत्या. त्या कुठल्यातरी जुन्या फळीच्या कापलेल्या होत्या, दोन ठोकळ्यांवर तर सालही तशीच होती आणि शिक्का एकावरही नव्हता. कंटेनर उघडला तेव्हा अधिकाऱ्याने पहिले बोट त्या ठोकळ्यांवर ठेवले. त्यानंतर अर्ज, धुरी, प्रमाणपत्र, पुन्हा तपासणी, मधे दोन सुट्या, असे एकोणीस दिवस गेले. ओंजळभर लाकडापायी सीएफएसचे भाडे आणि जहाज कंपनीचे डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचे शुल्क) मिळून जे गेले, त्यात पाचवे इंजिन आले असते.

म्हणून पॅलेटवरचा शिक्का पाहून थांबू नये. ठोकळे पाहावेत, पाचरी पाहाव्यात, इंजिनाच्या माउंटिंगखाली दिलेली फळी पाहावी, पेटीच्या आतली आडवी पट्टी पाहावी. एखादे पॅलेट दुरुस्त करून नवी फळी मारली असेल तर त्या फळीवरही शिक्का हवा. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड या नियमातून वगळलेले आहे, त्यामुळे शक्य असेल तिथे प्लायवूडचेच तुकडे वापरायला सांगावे. मी या वेळी लोखंडी सांगाडे मागितले आहेत. पण सांगाडा लोखंडी असला तरी त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा येणार नाही असे कोणी गृहीत धरू नये, आणि म्हणून खरेदीच्या करारातच मी एक वाक्य घातले आहे की कंटेनरमध्ये शिक्का नसलेले लाकूड आढळल्यास त्याचा सर्व खर्च विक्रेता देईल. कंटेनर भरून झाल्यावर, दार लावण्याआधी, आतली छायाचित्रे मागवावीत: दारातून एक, दोन्ही बाजूंनी एकेक आणि जमिनीलगत खाली वाकून एक. शेवटचे मागितल्याशिवाय कोणी पाठवत नाही आणि ठोकळे दिसतात ते त्यातच. ती पाहून आपण होकार कळवल्यावरच सील लागावे. लहान माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये येणार असेल, तर भरणी मालवाहतूक एजंटच्या गोदामात होते आणि तिथे विक्रेत्याचे काही चालत नाही. अशा वेळी लाकडाची तीच अट त्या एजंटला स्वतंत्रपणे लेखी द्यावी.

किंमत खरी लिहावी. वापरलेल्या मालाची किंमत कमी दाखवण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि तो ऐकू नये. २००७ च्या मूल्यांकन नियमांतील नियम १२ खाली अधिकारी जाहीर किमतीवर शंका घेऊ शकतो, आणि तेव्हा बँकेतून गेलेली रक्कम, लिलावाची पावती, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार हेच आपल्या बाजूने उभे राहतात. जहाजाचे भाडे आणि विमा यांच्या पावत्या जपाव्यात, कारण भाडे निश्चित कळत नसेल तर मालाच्या एफओबी किमतीच्या (जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के आणि विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के धरून शुल्क काढले जाते. चार-दोन इंजिनांचे खरे भाडे याहून कमी आले असेल, तर पावती हरवल्याचा भुर्दंड शुल्कात बसतो.

सीमाशुल्काच्या वर्गीकरणात पेट्रोल इंजिन ८४०७ मध्ये आणि डिझेल इंजिन ८४०८ मध्ये येते. मालात दोन्ही असतील तर इन्व्हॉइसमध्ये वेगळ्या ओळी घालाव्यात आणि प्रत्येकीसमोर सीसी लिहावी. शुल्काचे दर इथे देत नाही, कारण ते बदलतात आणि बिल ऑफ एन्ट्री (सीमाशुल्क विभागाला द्यायचे आयातीचे घोषणापत्र) आगाऊ भरले तरी दर लागतो तो जहाजाच्या एन्ट्री इनवर्डच्या, म्हणजे माल उतरवायची परवानगी मिळाल्याच्या, तारखेचा.

बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेले असावे. सुटीचा दिवसही त्यात मोजला जातो. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये लागतात. त्यासाठी बिल ऑफ लेडिंगची प्रत, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, परवाना आणि छायाचित्रे एजंटकडे माल निघाल्याच्या आठवड्यातच जावीत, आणि छायाचित्रांत लाकडाची छायाचित्रे आहेत ना, हे तेव्हाच पुन्हा पाहावे. मूल्यांकन आता फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन, होत असल्याने शंका विचारणारा अधिकारी दुसऱ्या शहरातला असू शकतो आणि त्याच्यासमोर फक्त आपले कागद असतात. म्हणून वर्णनात नुसते ‘इंजिन’ न लिहिता वापरलेले पेट्रोल इंजिन, सीसी, क्रमांक आणि तेल काढलेले असल्याचा उल्लेख हे सर्व लिहावे. शंकेला त्याच दिवशी उत्तर द्यावे.

तपासणीला शक्य असल्यास स्वतः जावे. नाशिकहून पहाटे निघाले की सकाळी उशिरापर्यंत न्हावा शेव्याला पोहोचता येते, आणि ब्लॉकवर क्रमांक कुठे कोरला आहे हे दाखवायला एजंटचा मुलगा उपयोगाचा नसतो.

माल सुटल्यावर गाडी आधीच ठरलेली असावी. ५०,००० रुपयांवरच्या मालाला सीएफएसमधून बाहेर पडताना ई-वे बिल लागते. कसारा घाटाचा विचार करून इंजिने पट्ट्यांनी आवळावीत, नुसत्या दोरावर सोडू नयेत. वर्कशॉपमध्ये उतरवायला हायड्रा क्रेन आदल्या दिवशी सांगून ठेवावी.

इंजिन गाडीत बसवण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत मंजुरीसाठी अर्ज करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर व्हावी लागते. अर्जासोबत बिल ऑफ एन्ट्री आणि शुल्काचे चलन जोडावे. गिऱ्हाइकाला मूळ कागद देऊ नयेत, प्रती द्याव्यात. मूळ कागद आणि लाकडाची छायाचित्रे एकाच फायलीत ठेवावीत, कारण त्याच विक्रेत्याकडून पुढचा माल मागवताना दाखवायला तीच लागतात.