न बोलणाऱ्या मुलासाठी घरच्या घरी बोलायचा बोर्ड कसा बनवायचा

माझा लेक नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, तोंडाने मोजून सात-आठ शब्द बोलतो आणि तेही मूड असेल तर. पण चित्रांच्या बोर्डावर बोट ठेवून दिवसभर भरपूर बोलतो. एक बोर्ड स्वयंपाकघराच्या दारावर, एक माझ्या पर्समध्ये, एक त्याच्या दप्तराला. हे कसं केलं असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक भीती काढून टाका. चित्रांची सवय लागली की मूल बोलायचंच नाही, असं मला एका क्लिनिकमध्ये सांगितलं होतं आणि त्या एका वाक्यापायी आमचं दीड वर्ष वाया गेलं, अजून आठवलं की डोकं फिरतं. २००६ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता, त्यात नीट तपासता आलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालेलं नव्हतं, उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

सुरुवात कात्री आणि गोंद घेऊन करू नका, वही घेऊन करा. दोन-तीन दिवस फक्त बघायचं आणि लिहायचं की मूल न बोलता काय काय सांगतंय. आमचा माझं मनगट धरून फ्रिजपाशी न्यायचा, चपला आणून मांडीवर टाकायचा, मिक्सर लावला की कानावर हात ठेवून फरशीवर आडवा व्हायचा. म्हणजे 'दे', 'चल' आणि 'बंद कर' हे तिन्ही तो आधीपासून म्हणतच होता, मलाच ऐकू येत नव्हतं. बोर्डावरचे पहिले शब्द या वहीतूनच येतात.

शब्द निवडताना सगळे एकच चूक करतात, मीही केली. सफरचंद, बॉल, हत्ती, बस असा बाजारातल्या तक्त्यासारखा बोर्ड बनवला. आता सांगा, आपण दिवसातून किती वेळा हत्ती म्हणतो? रोज लागणारे शब्द वेगळेच असतात: हवं, नको, अजून, बास, दे, चल, थांब, मदत, दुखतंय. हे नऊ आणि त्याच्या आवडीच्या पाच-सहा गोष्टी, एवढ्यावर सुरुवात करा.

आणि त्यातला 'नको' सगळ्यात महत्त्वाचा. आईबापांना तो ठेवायला नको वाटतो, उगाच कशाला नकार शिकवायचा म्हणून, पण नाही म्हणायची सोय नसली की मूल ओरडून नाहीतर चावून नाही म्हणतं. मागच्या गणपतीत गावाला आरती चालू होती, झांजा, टाळ्या, पंधरा-वीस माणसं, आणि याने माझ्या गळ्यातला छोटा बोर्ड ओढून 'नको' वर बोट दाबलं, मग 'चल' वर. आम्ही दोघं मागच्या पडवीत जाऊन बसलो. सासूबाई आधी नाराज झाल्या, मग प्रसादाची वाटी घेऊन त्याही तिथेच आल्या. 'नको' म्हटल्यावर ऐकलं जातं हे मुलाला सुरुवातीलाच कळलं पाहिजे, निदान पहिले काही आठवडे तरी शक्य तिथे ऐकाच. औषध, रस्ता ओलांडणं असल्या गोष्टींना 'नको' चालत नाही, तेव्हा मी "नको म्हणतोयस, कळलं मला, पण घ्यावं लागेल" असं म्हणते.

आता बनवायचं. खाण्यापिण्याच्या आणि घरातल्या वस्तूंचे मोबाईलवर फोटो काढा, तुमच्याच घरातले. आमच्याकडे पाण्यासाठी काचेच्या ग्लासाचं छान चित्र होतं, ते त्याला कळेचना, कारण तो पितो स्टीलच्या पेल्यातून. पेल्याचा फोटो लावला आणि झालं. हवं-नकोसाठी साधी चिन्हं चालतात. प्रत्येक चित्राच्या वर मोठ्या अक्षरात मराठी शब्द लिहा, म्हणजे आजी काय, शाळेतल्या ताई काय, सगळे एकच शब्द म्हणतील. ए-फोर कागदावर एका ओळीत चार चौकोन पुरेत. झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशन करून घ्या, कोपरे गोल कापा कारण ते टोचतात, आणि चकचकीत नको, ट्यूबलाईटखाली चमकतं आणि काही दिसत नाही. शब्दांच्या जागा एकदा ठरल्या की बदलू नका. नवीन शब्दासाठी दोन-चार चौकोन आधीच रिकामे ठेवा.

खरं काम याच्यानंतर. बोर्ड आधी तुम्ही वापरायचा. "अजून पोळी हवी?" म्हणताना 'अजून' वर बोट, 'हवं' वर बोट, आणि मग गप्प बसायचं. मनात दहापर्यंत मोजा, फार लांब वाटतं, मोजाच. "दाखव बघू पाणी कुठंय" असली परीक्षा घेऊ नका, पाहुण्यांसमोर तर अजिबातच नाही. आमच्याकडे साधारण तीन महिने फक्त मीच बोट ठेवत होते आणि नवरा म्हणायचा काही होत नाहीये.

मुलाचा हात धरून अक्षरांवर नेऊन वाक्यं लिहून घेणारे लोक भेटतील, त्यापासून लांब राहा. ती वाक्यं हात धरणाऱ्याची असतात. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय की ही पद्धत वापरू नका. बोट मुलाचं मुलानेच हलवायला हवं.

काही मुलं आपण त्यांना म्हटलेलंच वाक्य परत म्हणतात. पाणी हवं असलं की "तुला पाणी हवंय का?" असंच म्हणतात, कारण पाणी मिळतं तेव्हा हेच कानावर पडलेलं असतं. चूक काढू नका, पेला द्या आणि त्याच्या बाजूने म्हणा, "मला पाणी हवंय".

हात चालत नसतील, सेरेब्रल पाल्सी असेल, तर दोन वस्तू एकमेकींपासून चांगल्या लांब धरा आणि डोळे कुठे थांबतात ते बघा. सासऱ्यांना अर्धांगवायूनंतर शब्द सुचेनात तेव्हा त्यांनाही बोर्ड केला, पण कार्टूनची चित्रं बघून ते भडकले, मी काय बाळ आहे का अशा नजरेने. मग खरे फोटो लावले: चहा, पंखा, लघवी, कूस बदल, टीव्ही बंद कर. शेवटचा सगळ्यात जास्त वापरला त्यांनी.

स्पीच थेरपिस्ट मिळाला तर उत्तमच, बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र असतं, तिथे आधी विचारा. मोबाईलवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप फुकट आहे, मराठीत आहे, दाबलं की आवाज येतो, आमचा त्यावर खूश आहे. तरी कागदी बोर्ड काढून टाकू नका. जूनमध्ये आमच्याकडे सहा सहा तास लाईट जाते, टॅब बंद पडतो, आणि याला भूक नेमकी तेव्हाच लागते.