सौर पंपाची जागा ठरवण्याआधी डिसेंबरची सावली मोजा

सौर कृषी पंपासाठी अर्ज केला असेल आणि जॉइंट सर्व्हे, म्हणजे जागेची संयुक्त पाहणी, व्हायचा असेल, तर १५ डिसेंबर ते ५ जानेवारी हे तीन आठवडे वाया घालवू नका. २१-२२ डिसेंबरच्या आसपास सूर्य वर्षातल्या सर्वांत खालच्या वाटेने जातो आणि दिवसभर सावल्या लांब पडतात. या दिवसांत जी जागा मोकळी, ती दक्षिणेकडच्या अडथळ्यांपासून वर्षभर मोकळी. मे महिन्यात उलट असते. मध्यान्हीला सूर्य जवळपास डोक्यावर येतो, झाडाची सावली बुंध्याशीच राहते आणि कोणतीही जागा चांगली वाटते. तेव्हा पाहून ठरवलेल्या जागेवर नेमकी गहू, हरभरा, कांदा पाण्यावर असताना कडुनिंबाची सावली येऊन बसते.

थोडी सावली आली तर थोडेच पाणी कमी होईल, हा हिशेब चुकीचा आहे. प्लेटा, म्हणजे सौर पॅनेल, एकामागून एक सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. एका प्लेटेतले काही सेल, म्हणजे काचेखालचे वीज बनवणारे चौकोन, झाकले गेले की तिथे करंट अडतो. प्रत्येक प्लेटेत साधारणपणे तीन बायपास डायोड असतात. ते झाकलेला भाग वगळून करंट पुढे जाऊ देतात, पण त्या भागातला व्होल्टेज जातो. एकाच सेलवरच्या सावलीने प्लेटेचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. मग पंपाचा वेग उतरतो. वेग एक पंचमांशाने उतरला, तर पाणी चढवण्याचा दाब एक तृतीयांशाहून अधिक घटतो. म्हणून खोल बोअरवर मोटर फिरताना ऐकू येते आणि पाइपातून पाणी मात्र येत नाही.

मोजणी अशी करा. पुरवठादाराकडून स्ट्रक्चरची, म्हणजे प्लेटा बसवायच्या सांगाड्याची, लांबी-रुंदी आणि प्लेटांच्या खालच्या कडेची उंची विचारून घ्या. जागेवर चार खुंट्या ठोका आणि त्या खालच्या कडेइतक्या उंचीवर, बहुधा तीन फुटांच्या आसपास, सुतळी ताणा. सावली जमिनीवर नव्हे, या सुतळीवर पाहायची. झाडाची सावली जमिनीवर पोहोचली तरी प्लेटेपर्यंत चढेलच असे नाही. जमिनीवर बघून चांगली जागा उगाच सोडली जाते. सकाळी साडेआठपासून दुपारी साडेचारपर्यंत दर तासाला पाहा आणि सावलीच्या टोकाला राखेने खूण करा.

घड्याळाबद्दल एक सूचना. या दिवसांत सूर्य बरोबर दक्षिणेला पुण्यात साडेबाराच्या आसपास येतो, नागपुरात सव्वाबाराच्या सुमारास. बाराला काठीची सावली पाहून उत्तर दिशा ठरवली, तर प्लेटा तिरक्या बसतात. मोबाइलमधले होकायंत्र आपल्याकडे या कामाला पुरेसे आहे, पण मोटारसायकल, लोखंडी पाइप आणि स्ट्रक्चरपासून दहा पावले दूर उभे राहूनच वापरा.

डिसेंबर हुकला तरी हिशेब करता येतो. सहा फुटी काठी उभी करून तिची सावली मोजा, त्याच वेळी झाडाची सावली बुंध्यापासून टोकापर्यंत मोजा. झाडाच्या सावलीला काठीच्या सावलीने भागून सहाने गुणले की झाडाची उंची मिळते. तिच्यातून प्लेटांच्या खालच्या कडेची उंची वजा करा. जे उरते ती खरी अडथळ्याची उंची. २१ डिसेंबरला महाराष्ट्रात तिची सावली मध्यान्हीला जवळपास तेवढीच पडते. सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेतीनला ती कोल्हापूरकडे पावणेदोन पट होते, विदर्भात दुपटीच्या जवळ जाते. सकाळी साडेआठला तिपटीवर पोहोचते. म्हणून आमची शिफारस अशी: अडथळा दक्षिणेला असेल तर उंचीच्या सव्वापट अंतर ठेवा, आग्नेय किंवा नैऋत्येला असेल तर दुप्पट, आणि थेट पूर्व-पश्चिमेला दीडपट. अंतर फांद्यांच्या घेरापासून धरा, बुंध्यापासून नाही.

साडेआठची सावली मुद्दाम सोडून दिली आहे. त्या वेळी ऊनच कोवळे असते, पंप जेमतेम सुरू होतो. ती चुकवण्यासाठी तिप्पट अंतर धरत बसलात, तर लहान शेतात जागाच उरणार नाही. साडेनऊ ते साडेतीन या वेळेत मात्र सावलीचा एक पट्टाही खपवून घेऊ नका. प्लेटा हाताने पूर्व-पश्चिम फिरवायचे स्ट्रक्चर असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा फायदा सकाळ-संध्याकाळच्या उन्हावरच असतो, त्यामुळे पूर्व आणि पश्चिम जास्त मोकळी हवी.

विजेच्या खांबाला लोक अडथळा मानत नाहीत. सहा इंची खांबाची सावली पन्नास फुटांपर्यंत मधोमध गडद असते आणि दिवसभरात ती एकेका प्लेटेवरून सरकत जाते. अर्ध्या इंचाच्या तारेची सावली पाच फुटांपलीकडे फिकट होते, तिची चिंता नको. त्याच तारेवर बसणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा मात्र काचेला चिकटून राहते.

सर्वांत जास्त फसगत पिकाने होते. पाहणीच्या वेळी शेत रिकामे असते, दीड वर्षाने तिथे आडसाली ऊस उभा असतो. बारा फुटी ऊस आणि तीन फुटांवर प्लेटेची कड, म्हणजे नऊ फुटांचा अडथळा. दक्षिणेला अकरा-बारा फूट आणि आग्नेय-नैऋत्येला अठरा फूट पट्टा मोकळा ठेवावा लागतो. त्यात हरभरा, कांदा, लसूणघास घ्या. केळी आणि तुरीलाही हाच हिशेब, फक्त उंची त्यांची धरा. यातूनच जागेचा खरा निकष निघतो: प्लेटा आपल्या शेताच्या उत्तर भागात घ्या, म्हणजे दक्षिणेला काय उगवायचे ते आपल्या हातात राहते. दक्षिण बांधाला चिकटून बसवल्या आणि शेजाऱ्याने पलीकडे ऊस किंवा निलगिरी लावली, तर बोलायला जागा उरत नाही. उत्तरेचा बांध दुसऱ्याचा असेल तर प्लेटांची सावली त्याच्या पिकावर पडणार नाही इतके आत या.

दोन रांगा असतील तर पुढच्या रांगेची वरची कड मागच्या रांगेच्या खालच्या कडेपेक्षा जितकी उंच, त्याच्या सव्वापट मोकळी जागा मध्ये ठेवा. पाच फुटांचा फरक असेल तर सव्वासहा फूट. विहिरीजवळ दाटीवाटीने बसवण्याच्या नादात ही जागा आधी कापली जाते.

विहिरीपासून साठ-सत्तर फूट दूर जावे लागले तर जादा केबल लागेल. तिची जाडी पुरवठादाराकडून अंतरानुसार ठरवून घ्या, बारीक केबल घातली तर व्होल्टेज वाटेतच पडेल. केबलचा खर्च एकदाच होतो, सावलीचे नुकसान मात्र प्लेटांच्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यभर चालते. झाड तोडण्याचा विचार शेवटी करा. आंबा, चिंच, साग, जांभूळ, फणस, मोह, हिरडा ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

पंप आधीच बसला असेल तर डिसेंबरच्या याच तीन आठवड्यांत दर तासाला प्लेटांसमोर उभे राहून पाहा. दुपारी पाणी चांगले आणि दहा-साडेदहापर्यंत नाही, असे स्वच्छ उन्हातही होत असेल, तर आग्नेयेकडची फांदी शोधा. छाटणी दरवर्षी नोव्हेंबरात करा आणि छाटताना प्लेटांवर फांदी पडू देऊ नका. सतत सावलीत राहिलेला सेल तापतो. प्लेटेच्या मागच्या बाजूला तपकिरी किंवा करपलेला डाग दिसला तर त्याचा फोटो काढून हमीच्या मुदतीतच पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा.