प्लगइन टाकला, पण वाजत नाही? एफएल स्टुडिओमधल्या या चुका टाळा

एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा प्लगइन (वाद्य किंवा इफेक्ट देणारा जोड-प्रोग्रॅम) वाजला नाही की बरेच जण तो काढून पुन्हा टाकतात. त्याने सहसा काहीच बदलत नाही, कारण चूक फाइलमध्ये नसते, पत्त्यात असते.

प्लगइन व्हीएसटी२ (जुना) आणि व्हीएसटी३ (नवा) अशा दोन प्रकारांत येतात. विंडोजवर व्हीएसटी३ प्लगइनची जागा ठरलेली आहे: सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३. ती बदलू नका. घोळ होतो तो व्हीएसटी२ मध्ये. इन्स्टॉलर फोल्डर विचारतो, आपण न वाचता ‘नेक्स्ट’ दाबत जातो आणि प्लगइनची डीएलएल फाइल भलतीकडेच जाऊन बसते. व्हीएसटी२ साठी एकच फोल्डर ठरवा. मग ऑप्शन्समधून ‘मॅनेज प्लगइन्स’ उघडा, तो फोल्डर शोधयादीत घाला, ‘व्हेरिफाय प्लगइन्स’ चालू करा आणि ‘फाइंड इन्स्टॉल्ड प्लगइन्स’ दाबा. आधीच्या तपासणीत प्लगइन नापास झाला असेल तर ‘रीस्कॅन प्लगइन्स विथ एरर्स’वर टिक करा, नाहीतर तो तसाच वगळला जाण्याची शक्यता असते.

इन्स्टॉलर ३२ आणि ६४ बिट दोन्ही देत असेल तर फक्त ६४ घ्या. ३२ बिटचे प्लगइन ब्रिजमधून (मधल्या जोड-प्रोग्रॅममधून) चालतात, पण अडखळत.

वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज (सॅम्पल) वाजवणाऱ्या कॉन्टॅक्ट या प्लगइनची गोष्ट वेगळी. फुकट मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट प्लेयरमध्ये प्लेयरसाठी परवाना घेतलेल्या लायब्रऱ्याच (सॅम्पलचे संच) पूर्ण चालतात. बाकीच्या १५ मिनिटं डेमोवर वाजतात आणि मग गप्प. लायब्ररी बिघडली म्हणून ती पुन्हा डाउनलोड करण्यात रात्र घालवू नका. विकत घेण्याआधी ‘फुल कॉन्टॅक्ट आवश्यक’ ही ओळ शोधा. आवृत्तीही बघा, नव्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह केलेलं वाद्य जुन्यात उघडत नाही. आणि सॅम्पलचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलंत की ‘सॅम्पल्स मिसिंग’ येणारच. तेव्हा नवं फोल्डर दाखवा. फुल कॉन्टॅक्टमध्ये त्यानंतर एकदा ‘बॅच री-सेव्ह’ केलं की दर वेळी विचारणा होत नाही.

प्लगइन उघडतो, पट्ट्या दबताना दिसतात, पण व्हायोलिन लांब सूर सोडून पिझिकाटोच (तार बोटाने छेडून काढलेले तुटक सूर) वाजवतं? मग कीस्विच तपासा. सूर न वाजवता फक्त वादनाची तऱ्हा बदलणाऱ्या या पट्ट्या कॉन्टॅक्टच्या कीबोर्डवर बहुधा लाल दिसतात. मॅन्युअल म्हणतं, सी० (सी हा सूर, सप्तक ०) दाबा. एफएलच्या पियानो रोलमध्ये (नोट्स मांडायच्या खिडकीत) सी० ला नोट टाकली तर काहीच होत नाही, कारण पियानोच्या मधल्या सी ला (मिडी या संगणकी सूर-संकेतात क्रमांक ६०) कॉन्टॅक्ट सी३ म्हणतं आणि एफएल सी५. म्हणजे मॅन्युअलमधला सी० इथे सी२ आहे. दोन सप्तकं वर टाका, काम होतं. कीस्विचची नोट मुख्य सुरापेक्षा किंचित आधी ठेवा. दोन्ही एकाच क्षणी आल्या तर पहिला सूर जुन्याच तऱ्हेने निघू शकतो.

आवाज तडतडत असेल तर ऑडिओ सेटिंग्जमध्ये ‘अंडररन्स’चा (आवाज वेळेत तयार न झाल्याच्या वेळांचा) आकडा बघा. तो वाढत असेल तर बफर (आवाज आधी साठवायची जागा) वाढवा. ४४,१०० हर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साडेअकरा. रेकॉर्डिंगला कमी, मिक्सिंगला जास्त. ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साउंड कार्ड) असेल तर त्याचाच एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर निवडा. मोठ्या लायब्रऱ्या एसएसडीवर ठेवा.

व्हीएसटी३ आला म्हणून जुना व्हीएसटी२ लगेच उडवू नका. जुनी प्रोजेक्ट्स त्याच्यावर उभी असू शकतात. आधी ती उघडून प्रत्येक ट्रॅक वेव्ह ऑडिओ फाइलमध्ये काढून ठेवा, मग साफसफाई करा.