सांगलीत राहायला आलात, तर आधी नदीचे फूट शिका

सांगलीत घर बघायला आलेला माणूस भाडं विचारतो, डिपॉझिट विचारतो, शाळा किती लांब ते विचारतो. पहिला प्रश्न मात्र दुसराच हवा: "२०१९ च्या पुरात इथं पाणी कुठवर आलं होतं?" तो एजंटाला विचारू नका. शेजारचा किराणावाला, इस्त्रीवाला किंवा समोरच्या घरातल्या आक्कांना विचारा. इथं सगळ्यांना ते इंचात आठवतं. कुणी ओटा दाखवेल, कुणी खिडकीची चौकट, कुणी जिन्याची सातवी पायरी.

भिंतही बोलते. गच्चीच्या गळतीची ओल वरून खाली पसरत येते. जमिनीतून चढणारी ओल काही फुटांवर थांबते आणि कुठं कमी, कुठं जास्त दिसते. पुराच्या पाण्याची खूण मात्र सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर सापडते. नवा रंग दिलेला असला तरी कपाटाच्या मागं, जिन्याखाली आणि मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला बघा. मीटर डोक्याच्याही वर बसवलेला दिसला, तर तिथं पाणी येऊन गेलं असण्याची शक्यता धरा आणि सरळ विचारा.

गावात पाणी फुटात मोजतात आणि ते मोजमाप कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं. १९२९ साली झालेल्या या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ साली ५७ फुटांच्याही वर. २०२१ लाही पन्नाशी ओलांडली. जुलै-ऑगस्टमध्ये चहाच्या गाड्यावर "आज किती?" असं कुणी विचारलं, तर ते आयर्विनच्या फुटांबद्दल असतं.

आकड्याबरोबर कारणही कळायला हवं. कोयना धरणातून विसर्ग वाढला की पाणी वाढतं, हे पेपरात येतं. पण सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोन नद्या भरून वाहत असल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही, मागं फुगवटा येतो. त्यामुळं सांगलीतला पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं, तरी पाणी चढत राहू शकतं, आणि उतरायला लागल्यावरही फार सावकाश उतरतं. नवीन माणूस आभाळाकडं बघून निर्धास्त होतो आणि तिथंच फसतो. बघायचं ते कोयनेचा विसर्ग, वारणेची स्थिती आणि आयर्विनचे फूट, तिन्ही एकत्र.

दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड हा पूरपट्टा. इथं पाणी सगळ्यात आधी शिरतं. मोठ्या पुरात मारुती चौक, हरभट रोड ही बाजारपेठही पाण्याखाली जाते. विश्रामबाग, वारणाली, वानलेसवाडी हा भाग उंचावर आहे, म्हणून नवीन येणारे बहुतेक तिकडं घर बघतात, आणि आमचाही सल्ला तोच. शामरावनगरचा प्रश्न वेगळा आहे. नदी चढलेली नसतानाही तिथं पावसाचं पाणी साठून राहतं, कारण जमीन काळी आणि सखल. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळं पाया उथळ असलेल्या घरांच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात. भाड्यानं राहणार असाल तर एकदा मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. दुचाकी कुठं अडकते, ते रस्त्यावरच कळेल. जागा विकत घेणार असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागात निळ्या आणि लाल पूररेषेचा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं त्या हद्दींचा) नकाशा बघा, आणि प्लॉट गुंठेवारीतला (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला) असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

पूरपट्ट्यात किंवा त्याच्या कडेला राहत असाल, तर जून संपायच्या आत एक पिशवी भरून ठेवा: आधार, रेशनकार्ड, घराचा करार, शाळेचे दाखले, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं जाड प्लॅस्टिकमध्ये. पाणी ४० फुटांकडं सरकायला लागलं की गाडी उंचावरच्या ओळखीच्या दारात लावून या. घर सोडताना मेन स्विच बंद करा. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, कारण तो पाण्यावर तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो. फ्रीज आडवा तरंगून दारात अडकला की दार उघडतच नाही, म्हणून तो दारापासून लांबच्या कोपऱ्यात सरकवून ठेवा. पाणी उतरताना गाळ ओला असतानाच खराट्यानं लोटून काढायचा. एकदा वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो आणि कुदळीशिवाय निघत नाही. वायरमननं तपासल्याशिवाय एकही बटण दाबू नका. गाळात उतरताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर लेप्टोचा (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो, डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

उंचावर राहणाऱ्यांनाही पुराचा फटका बसतोच, तो नळाला. नदीकाठची उपसा यंत्रणा पाण्यात गेली की अख्ख्या शहराला पाणी मिळणं अवघड होतं. चार माणसांच्या घरात प्यायला-स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरलं, तर तीन दिवसांचे साठ लिटर झाकून ठेवा. एरवीही पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या आणि मग खळखळून उकळा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यामुळं नुसत्या तुरटीवर थांबू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच हवा, नुसती नोटरी चालत नाही. मालकाच्या नावावरचं वीजबिल थकलेलं नाही ना, ते ताबा घेण्याआधी बघा. मतदारयादीत नाव दुसरीकडं असेल तर स्थलांतरासाठी नमुना ८ भरायचा. नमुना ६ नव्या मतदारांचा, तिथं हमखास चूक होते.

जाण्यायेण्याला सांगली-मिरज रस्त्यावर एसटीच्याच शहर बस आहेत आणि वडाप, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणारी खासगी गाडी, आहे. वडापला थांबा नसतो, हात केला की थांबते. उतरायचं ठिकाण बसतानाच सांगा, आणि सुट्टे पैसे हातात ठेवा. पत्ता सांगताना कॉलनीचं नाव सांगून भागत नाही. "शंभर फुटीला", "कॉलेज कॉर्नरला", "राम मंदिरापाशी" असं चौकावरून सांगितलं की पोहोचता. लांबच्या गाड्या धरायला मिरज जंक्शन. विश्रामबागचं स्टेशन लहान आहे, तुमची गाडी तिथं थांबते का, ते आधी बघा.

आता माणसांकडं. उपनगरात राहून घर-ऑफिस-घर करत बसलात तर वर्षभरात कुणी ओळखणार नाही. ओळख व्हायची जागा म्हणजे कॉलनीचं गणेश मंडळ. वर्गणीला पोरं दारात आली की दार लोटू नका. किती द्यायची ते शेजारच्या काकूंना विचारून तेवढीच द्या, पावती घ्या, आणि "आरतीला कधी यायचं?" हे विचारा. त्या एका प्रश्नानं पुढची दारं उघडतात. प्रसादाची एक पाळी मागून घ्या. शंभर माणसांच्या आरतीला दोन किलो रव्याचा शिरा, त्यात तूप-साखर हात न आखडता, एवढं पुरतं. शेंगदाणे घातलेलं भडंग केलंत तर दीड किलो चुरमुरे पुष्कळ होतात, पण ते आरतीच्या आधी तासभरच परता. सकाळी केलेलं संध्याकाळी सादळतं.

गावातला गणेशोत्सव चतुर्थीच्या आधीच सुरू होतो. कृष्णाकाठच्या संस्थानच्या गणपती मंदिरात चोर गणपती बसतो, कुणाला गाजावाजा न करता, म्हणून ते नाव. संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं. त्या दुपारी गणपती पेठेकडं गाडी नेऊ नका, स्टेशन चौकाच्या अलीकडंच लावून चालत जा. मुलांना घेऊन जात असाल तर घाटावर उतरू नका, पेठेतच एखाद्या दुकानाच्या पायरीवर जागा धरा. मिरजेचं आकर्षण अनंत चतुर्दशीला. रस्त्यावर उंच स्वागत कमानी उभ्या राहतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. कमानी बघायच्या असतील तर आदल्या संध्याकाळी जा, निवांत बघता येतात. घरच्या मूर्तीचं विसर्जन पालिकेच्या कुंडात करा. शाडूची असेल तर घरी बादलीतही होतं. फक्त मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी हवं, अर्धवट बुडाली तर वरचा भाग तसाच राहतो.

दुसरी जागा म्हणजे उन्हाळ्यातली चटणी. इथं भाजी-आमटीत रोज पडते ती कांदा-लसूण चटणी, आणि ती वर्षाची एकदमच करतात. कॉलनीतल्या बायका मिळून डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, जातात. तुम्हीही सांगून ठेवा, "चटणीला जाताना मला हाक मारा." एक किलो मिरचीला, निम्मी रंगासाठी ब्याडगी आणि निम्मी तिखटासाठी संकेश्वरी धरली तर, धने पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, गरम मसाला शंभर ग्रॅम, कांदा अर्धा किलो, लसूण पाव किलो, खडेमीठ पाव किलो. मिरची देठ काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात खडखडीत वाळवायची. कांदा उभा चिरून एक दिवस उन्हात टाकायचा आणि मग तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळायचा. चटणी बिघडते ती इथंच. कांदा मऊ राहिला की त्यातल्या पाण्यानं पावसाळ्यात बुरशी धरते. मीठ कमी पडलं तरी तेच. डंकावर मिरचीची पूड आधी होते, कांदा-लसूण शेवटी. ताजी चटणी गरम असते, ती पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच चिनीमातीच्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे दोन खडे ठेवा.

हळदही त्याच दिवसांत घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी सुटी पूड घेऊ नका. अख्खी हळकुंडं घ्या, मोडून बघा. आतून गडद केशरी आणि मोडताना टणक आवाज असेल तर चांगली. दळताना गिरणीवाल्याला आधी काय दळलं ते विचारा. मिरचीनंतर तुमचा नंबर असेल तर थांबा.

नाटकाची आवड असेल तर तुम्ही योग्य गावात आलात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं. त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी भावे गौरव पदक दिलं जातं, तो सोहळा चुकवू नका. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी फेरीला तिकीट अगदी परवडणारं असतं. तिथं नुसते प्रेक्षक म्हणून रोज गेलात तरी आठवड्यात चार माणसं नावानं हाक मारतील, आणि नेपथ्य लावायला, प्रकाशाला हात कमीच असतात. गाण्याची माणसं मिरजेत. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरसात तिथं गाणं होतं. तंबोरा सतारमेकर गल्लीत जवारी काढायला (तारांखालची घोडी घासून आवाज खुलवायला) न्यायचा असेल तर उन्हात गाडीवर उघडा नेऊ नका, भोपळ्याला तडा जातो.

आणि पुढं कधीतरी ऑफिसातलं कुणी "आमच्या गावची यात्रा हाय, जेवायला या की" म्हणेल. ते तोंडदेखलं नसतं, तुमच्या नावाचं मटण शिजत असतं. जाणार असाल तर किती जण ते आदल्या दिवशी सांगा. मांसाहार करत नसाल तर तेही तेव्हाच सांगा, वेगळी पुरणपोळी होते. लहान मुलांसाठी पावशेर पेढे न्या. दुपारी एकच्या आत पोहोचा, कारण चारला कुस्त्यांचं मैदान सुरू होतं आणि यजमानांना तिकडं जायचं असतं. तुम्हीही जा, मैदानाच्या कडेला मातीतच बसा.