जुनी कारची बॅटरी प्रयोगाला घेताय? आधी लोड देऊन बघा

गाडीतून काढलेली बॅटरी घरच्या प्रयोगांना, म्हणजे एलईडी, छोटी मोटर, इन्व्हर्टरचं सर्किट वगैरे, मस्त चालते, पण मीटरवर १२.५ व्होल्ट दिसलं म्हणजे बॅटरी चांगली असं अजिबात धरू नका. मी धरलं होतं, ओळखीच्या गॅरेजमधून एक उचलून आणली, हेडलाइटचा बल्ब लावला आणि अर्ध्या मिनिटात ती ९ वर आली.

सगळं मोकळ्या हवेत करा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. अंगठी, कडं, घड्याळ काढा, डोळ्यांवर गॉगल हवाच. डबा फुगलाय किंवा तडा गेलाय तर हातच लावू नका, बॅटरीवाल्याला परत द्या.

फुल चार्ज करा आणि रात्रभर तशीच सोडा, लगेच मोजलं तर आकडा फुगलेला येतो. सकाळी मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, आणि लाल वायर व्होल्टच्याच भोकात आहे ना ते दोनदा बघा, १० अँपिअरच्या भोकात राहिली तर सरळ शॉर्ट. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १०.५ ला अडकली तर बहुतेक सहापैकी एक सेल गेलाय.

आता खरी टेस्ट, म्हणजे लोड (वीज ओढणारं काहीतरी) लावून व्होल्ट बघणं. एच४ बल्बची (हेडलाइटचा दोन फिलामेंटवाला बल्ब) ६० वॅटची बाजू साधारण ५ अँपिअर ओढते. पॉझिटिव्हजवळच १० अँपिअरचा फ्यूज टाका, शेवटची जोडणी बल्बकडे करा म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडते. बल्ब प्रचंड तापतो, फरशीवरच ठेवा. मीटरचे प्रोब थेट टर्मिनलवर टेकवा, वायरवर नको. चांगली बॅटरी १२ च्या वर कुठेतरी थांबते आणि मग अगदी हळू उतरते, पाच-दहा मिनिटांत ११ च्या खाली गेली तर सोडून द्या. ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी तीन तास बल्ब पेटवून ११.५ च्या वर राहिली तर माझ्या मते प्रयोगाला भरपूर झाली.

झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटर (आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) पण लावा, सगळे सेल १.२६५ च्या जवळपास हवेत, एखादा ०.०५ ने मागे असेल तर तोच आजारी. अ‍ॅसिडचा थेंब अंगावर पडला तर लगेच भरपूर पाणी, फरशीवर खायचा सोडा. कॉटनच्या शर्टाला लागलेलं त्या दिवशी दिसतही नाही, धुतल्यावर भोक पडलेलं कळतं.

टेस्ट झाली की त्याच दिवशी परत चार्जिंगला लावा, रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं.